डॉक्टरांचा वाटा

सोनटक्के डॉक्टरांनी माझ्याशी कधी भाव केला नाही. मला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरून कळेल की माझं त्यांच्याशी का जमलं नाही.

मी रेडीच्या किनाऱ्यावर मासळी विकत मोठी झाले. आधी डोक्यावर पाटी, मग स्वतःचा टेम्पो, मग बर्फाची शेड. यातलं काही मला कुणी आणून दिलेलं नाही, सगळं घासाघीस करून मिळवलेलं आहे. गिऱ्हाईक हुज्जत घालतं, नाक मुरडतं, निघून गेल्याचं नाटक करतं आणि परत येतं, तेवढ्यात मला तो माणूस कळतो. डॉक्टर नुसती पिशवी उघडी धरायचे, मी सांगेन ते पैसे द्यायचे आणि चालू लागायचे. एकदा मुद्दाम मी इसवणीचा, म्हणजे सुरमईचा, भाव तिप्पट सांगितला. त्यांनी मुकाट्याने खिशात हात घातला. राग मलाच आला.

"डॉक्टर, महाग सांगितलंय मी. कमी करा म्हणा की!"

"का? मासळीचा भाव तुम्हाला माहीत. मला माहीत नाही."

मी योग्य ते पैसे घेतले आणि वर दोन बांगडे पिशवीत टाकले. थोड्या वेळाने पाहते तर डॉक्टर भर उन्हात चढण उतरून परत येताहेत. बांगडे माझ्या पाटीत ठेवून म्हणाले, "हे चुकून आले." चुकून! माझ्या हातून उभ्या जन्मात चुकून बोटभर तारलीसुद्धा गेलेली नाही.

ते घाटावरचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बाजाराच्या टोकाला, पूर्वी सुपारी साठवायचे त्या दोन खोल्यांत त्यांनी दवाखाना काढला होता. मोठ्या शहरातलं कॉलेज सोडून इथे का आले, हे कुणी विचारलं तर सांगायचे, "समुद्र आवडतो." समुद्रात मात्र कधी घोट्याच्या वर उतरले नाहीत. मासे आवडीने खायचे, पण काट्याला इतके भ्यायचे की एक बांगडा संपवायला त्यांना लहान मुलाएवढा वेळ लागे. कुणी भेटलं की नमस्कार नाही, कसे आहात नाही. पहिला प्रश्न, "झोप झाली?" गावाने त्यांचं नाव झोपडॉक्टर पाडलं होतं. पोरं लांबून ओरडत, "डॉक्टर, झोप झाली?" तर ते थांबून खरं उत्तर द्यायचे, "नाही रे, कमीच झाली."

"मला माहीत नाही" हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. ताप कशाचा, तर बघूया, आत्ता माहीत नाही. गोळीने बरं वाटेल ना, तर वाटायला हवं, पण माहीत नाही. लोक चिडायचे. डॉक्टरलाच माहीत नसेल तर आम्ही गावच्या देवाला कौल लावलेला काय वाईट, असं माझ्या तोंडावर म्हणायचे, जसं काही डॉक्टर मीच आणला होता.

सकाळी ते किनाऱ्यावर फिरायला येत. आमच्याकडे तेव्हा रापण जोरात होती. होडीतून मोठं जाळं समुद्रात सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, ती रापण. चपला हातात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, असे डॉक्टर एक दिवस दोराला येऊन लागले. ओढता येत नव्हतं, पाय घसरत होते, पण शेवटपर्यंत राहिले. जाळं वर आल्यावर वाळूत वाटे घातले जातात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा, आणि आजारी पडून घरी असलेल्याचासुद्धा. आमच्या रापणीचा म्होरक्या जानूमामा याने डॉक्टरांसमोर एक लहानसा ढीग घातला.

"नको नको," डॉक्टर म्हणाले. "मी आपलं गंमत म्हणून ओढलं."

"गंमत?" जानूमामा म्हणाला. "दोराक हात लायल्यात ना? मगे वाटो तुमचो. दुसरो कोण घेवचो नाय तो."

डॉक्टरांनी घेतला नाही. दुसऱ्यानेही घेतला नाही. कावळे आले आणि डॉक्टरांच्या वाट्याची मासळी घेऊन गेले. पुढेही ते कित्येकदा दोराला लागले, जानूमामा न चुकता वाटा घालत राहिला, आणि कावळे पोसले गेले. न दिलेलं काही घ्यायचं नाही हे मला समजतं. दिलेलंही न घेणारा माणूस कसा धरायचा?

मग लोहखनिजाचे दिवस आले. बाहेरदेशी मागणी वाढली आणि आमचा रस्ता लाल झाला. झावळ्या लाल, वाळत घातलेली लुगडी लाल, माझ्या शेडमधला बर्फसुद्धा लाल. खाणीतून बंदरापर्यंत ट्रकांची रांग. रापणीच्या घरांतली तरणी पोरं दोर सोडून स्टेअरिंगवर बसली. पगार महिन्याचा नव्हे, खेपेवर. जो झोपला त्याची खेप गेली. म्हणून गोव्याच्या बाजूने एक गोळी यायला लागली. ती घेतली की माणसाला दोन-दोन, तीन-तीन दिवस डोळा लागत नाही, भूक लागत नाही, आपण वाघ आहोत असं वाटतं. ड्रायव्हर तिला बॅटरी म्हणत. "बॅटरी घातलंस काय रे?" असं एकमेकांना उघड विचारत, चहा घेतलास का विचारावं तसं.

माझा भाऊ दिगो त्यातलाच. आई-वडील लवकर गेले. त्याला मी पाटीशेजारी झोपवून वाढवला. माझ्या मागे-पुढे दुसरं कुणी नाही. आधी तो नुसताच हडकला. मग दातांवर दात घासायला लागला, रिकाम्या केबिनमध्ये कुणाशीतरी भांडायला लागला. बायको माहेरी निघून गेली. एके दिवशी माझ्या शेडमध्ये येऊन त्याने बर्फाच्या लादीला मिठी मारली आणि म्हणाला, "बाय, आंग आतून जळता गो. माका निजव." मी त्याला बदडला, देवाला गाऱ्हाणं घातलं, जवळ असलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. तो दुसऱ्या आणायचा.

अशात सोनटक्के डॉक्टरांनी ड्रायव्हरांना दवाखान्यात बोलावलं. मुंबईच्या एका औषध कंपनीची नवी गोळी होती. बॅटरीची सवय सोडवण्यासाठी ती उपयोगी पडते का, हे बऱ्याच ठिकाणी तपासलं जात होतं. आमच्याकडे ते काम डॉक्टरांनी घेतलं होतं. मी दिगोला मानगूट धरून घेऊन गेले.

डॉक्टरांनी उभं राहून सगळं वाचून दाखवलं. कुणाला यावंसं वाटू नये म्हणूनच वाचताहेत की काय, असं वाटत होतं.

"निम्म्या बाटल्यांत औषध आहे. निम्म्यांत तसल्याच दिसणाऱ्या गोळ्या, पण औषधाशिवाय. कुणाला कोणती बाटली हे तुम्हाला कळणार नाही. मलाही कळणार नाही. बाटलीवर फक्त नंबर आहे."

दिगोचा जोडीदार बाबल हसत सुटला. "म्हणजे निम्म्यांका खडू?"

"हो."

"आनि खऱ्या गोळयेन बरा वाटतला?"

"माहीत नाही. ते माहीत असतं तर तपासलं कशाला असतं?"

पोरं हसली, पण सह्या केल्या. दर आठवड्याला यायचं, लघवी तपासायला द्यायची, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या आणि डॉक्टरांशी थोडा वेळ बोलायचं, असं ठरलं.

सगळे गेल्यावर मी मागे थांबले. दवाखान्यात मी शुद्ध बोलते. "डॉक्टर, दिगोला खरी बाटली द्या."

"मला माहीत नाही कोणती खरी आहे."

"असं होत नाही. कुठल्या पाटीत शिळी मासळी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतंच."

"म्हणूनच मला सांगितलेलं नाही, सुलूबाई. माहीत असतं तर मी तुमच्याकडे पाहून हात पुढे केला असता."

मी इसवण देते म्हटलं, सुंगटं म्हणजे कोळंबी देते म्हटलं, वर्षभराची मासळी देते म्हटलं. आवाज चढवला, डोळ्यांत पाणी आणलं, उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं वापरलं. त्यांनी शांतपणे एक बाटली दिगोच्या नावाने लिहिली. त्या दिवशी मला कळलं की ज्याला काहीच नको असतं त्याच्यापुढे माझा धंदा चालत नाही.

पण दिगो बरा व्हायला लागला. एक दिवस सकाळी माझ्याकडे आला, डोळे सुजलेले, गालावर उशीचे वळ. "बाय, काल माका झोप इली."

"गाढवा, झोप सगळ्यांका येता."

"माका इली गो," असं म्हणून तो रडला. मग त्याने पेजेवर पेज प्यायली. पुढच्या आठवड्यांत दिवसाच्याच खेपा घेऊ लागला. सकाळी रिकामा असला तर रापणीला जाई. एकदा मी पाहिलं, दोराला पुढे दिगो आणि त्याच्या मागे डॉक्टर. दिगो मान वळवून त्यांना दरडावत होता, "टाच रोवा, डॉक्टर! टाच! नुसते नाचतास काय?" आणि डॉक्टर टाच रोवत होते. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

बाबलला मात्र फरक पडत नव्हता. हात थरथरत, तोंड आत गेलेलं. सगळे म्हणायला लागले की दिगोला खरी बाटली लागली आणि बाबलच्या नशिबी खडू आला. बाबल दिगोच्या ओटीवर बसून म्हणायचा, "तुजा बरा आसा रे. माका काय, माती खातंय."

दिगोला ते सोसलं नाही. रापणीच्या घरातला तो. एकाच्या पुढ्यात मासळी आणि दुसऱ्याच्या पुढ्यात वाळू, हे आमच्याकडे होत नाही. त्याने सगळ्या पोरांना दुपारी वाळूवर बोलावलं. प्रत्येकाची बाटली एका परातीत ओतली, हाताने कालवली आणि गोळ्यांचे सारखे वाटे घातले. मग त्या परत बाटल्यांत भरल्या. म्हणजे प्रत्येकाला थोडं औषध, थोडा खडू. दवाखान्यात मोजल्या तेव्हा गोळ्या बरोबर भरल्या. दर वेळी नव्या बाटल्या आल्या की पोरं हेच करत राहिली.

कुणाला कळलंही नसतं. डॉक्टरांना सांगितलं ते दिगोनेच. चोरी केली असती तर लपवली असती. त्याला वाटलं, डॉक्टर खूश होतील.

"डॉक्टर, आता भिंयाचा कारण नाय," तो म्हणाला. "आमी सगळ्यांचो एक ढीग केलो आनि वाटे घातले. आता कोण फसाचो नाय. बाबलाकय औषध मिळता."

मी तेव्हा दारातच होते, दिगोला घ्यायला आले होते. डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "कधीपासून?" एवढंच विचारलं. दिगोने सांगितलं. मग ते म्हणाले, "झोप झाली?"

"झाली तर! मस्त."

"घरी जा. उद्या बोलू."

दिगो शीळ घालत बाहेर पडला. मी आत गेले. माणसाचा चेहरा वाचणं हा माझा धंदा आहे.

"तुम्ही हे मुंबईला कळवणार."

"हो."

"कळवल्यावर काय होईल?"

"इथलं काम बंद होईल. बाटल्या परत मागवतील."

"गोळ्या बरोबर भरल्यात. पोरं बोलणार नाहीत. मी बोलणार नाही. विचारतंय कोण?"

"उद्या कुणीतरी या गोळीवर विश्वास ठेवून ती घेणार आहे, सुलूबाई. नाहीतर घेणार नाही. मी गप्प बसलो तर त्याला आपल्याकडून खोटं कळेल."

"मग दिगोपुरती बाटली राहू दे."

"मी मागून बघेन. देतील असं वाटत नाही."

तिथे माझी शुद्ध भाषा संपली. "तो कोण खंयचो उद्याचो माणूस? तेचे भाव-भयणी तेका बघतीत! ह्यो माझो दिगो आसा. ह्यो आज जेवता. ह्यो आज निजता! तुमच्या कागदाक खोटा लागता म्हणान तेका परत त्या आगीत टाकतास?"

मी टेबलावरची तपासणीची भांडी हाताने उडवली, एक फुटलं. मग मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं, खुर्चीवर बसवलं, आणि खाली बसून काचा गोळा करायला लागले.

कळवलंच त्यांनी. बाटल्या गेल्या. दिगोसाठी गोळी मागितली होती, नाही म्हणाले, असं मला सांगायला स्वतः आले. मी शेडचं दार लावून घेतलं.

लोक म्हणतात, डॉक्टर सचोटीचे होते. मी कुठे नाही म्हणते? त्यांच्या सचोटीची किंमत त्यांच्या घरातून गेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते आजही आहे.

ते गप्प बसले नाहीत हेही सांगितलं पाहिजे. दवाखाना चालू ठेवला. गोळ्या नसल्या तरी या, नुसतं बसून बोला, असा सगळ्यांना निरोप दिला. पोरं गेली नाहीत. आपल्यामुळे डॉक्टरांचं काम बंद पडलं याची त्यांना लाज वाटत होती. दिगोला तर सगळ्यात जास्त. मग डॉक्टरच स्कूटर घेऊन ट्रकांच्या रांगेत जायला लागले. धुळीने लाल झालेले, एकेका केबिनपाशी थांबून वर बघत विचारायचे, "झोप झाली?" पोरं काच वर करून घ्यायची. दिगो त्यांना लांबून पाहिलं की सीटखाली वाकायचा. हे मला बाबलने सांगितलं.

बॅटरी परत सुरू झाली. या वेळी मी बदडलं नाही. बदडण्याएवढं अंगच त्याला उरलं नव्हतं.

दिगो गेला तो बंदराच्या रांगेत, भर दुपारी. अपघात नाही, काही नाही. पुढचा ट्रक सरकला, दिगोचा सरकला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या घातल्या. "मेल्या, निजलंस काय?" असं ओरडत बाबल केबिनवर चढला. इंजीन चालू होतं. दिगोचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. काळीज बंद पडलं होतं.

डॉक्टर अंत्यविधीला आले आणि लांब माडाखाली उभे राहिले. कुणी त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी दवाखान्याला कुलूप लागलं. घाटावर परत गेले म्हणे. बाबलला त्याच्या मामाने कसालला हॉटेलात कामाला नेलं. अजून जिवंत आहे. का आहे, मला माहीत नाही.

दोन-तीन वर्षं गेली असतील. पावसाळा संपून रापण पुन्हा सुरू झाली होती. ओढायला माणसं कमी, मासळी त्याहून कमी. मी जाळं वर येण्याची वाट बघत पाट्या मांडून बसले होते. वाळूवरून कुणी वाकलेला माणूस येताना दिसला. वरचं बटण लावलेलं होतं.

"सुलूबाई, निकाल लागला," ते म्हणाले. "त्या गोळीचा. तुम्हाला सांगायला आलो."

एवढं सांगायला घाट उतरून आले होते. मी बसा म्हटलं नाही.

"औषधात काही नव्हतं. सगळीकडचं मिळून पाहिलं. खऱ्या बाटलीवाले आणि खोट्या बाटलीवाले सारखेच निघाले."

मी पाटीवरचा कपडा नीट केला. मग विचारलं, "मगे दिगो कशान निजत होतो?"

"माहीत नाही. तो दर आठवड्याला येत होता. बोलत होता. आपण औषध घेतोय असं त्याला वाटत होतं. त्यातलं कशाने, ते मला माहीत नाही."

"म्हणजे खडूच होतो."

"खडू असेल, औषध असेल. फरक नव्हता."

"मगे तो खडू तेच्या हातात रवलो असतो तर?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. एवढी वर्षं "माहीत नाही" हे शब्द ऐकून माझे कान किटले होते. या वेळी ते म्हणाले असते तर मी त्यांना पाटी फेकून मारली असती. पण ते म्हणालेच नाहीत. त्यांनी चपला काढल्या, विजार दुमडली आणि जाऊन दोराला लागले.

टाच रोवून ओढत होते. दिगोने शिकवलं होतं तसं.

जाळं आलं. थोडे बांगडे, थोडी तारली. जानूमामा आता फार म्हातारा झाला होता, पण वाटे तोच घालायचा. त्याने सगळ्यांचे घातले आणि शेवटचा डॉक्टरांच्या पायाशी घातला. कावळे माडावर येऊन बसलेच होते.

डॉक्टर त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग खाली बसले आणि मासे उचलायला लागले. त्यांच्याकडे पिशवी नव्हती. ओंजळीत मावेनात म्हणून त्यांनी छातीशी धरले. शर्ट ओला झाला, खवले चिकटले. ते उठले आणि तसेच रस्त्याच्या दिशेने चालू लागले. एक बांगडा निसटून पडला. उचलायला वाकले तर दुसरा पडला. तो उचलला, पहिला परत निसटला. मासळी धरायची कशी हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्याजवळ रिकामी पाटी होती. मी हाक मारली नाही. ते वाकत, उचलत, परत वाकत चढणीपर्यंत गेले. एकही मासा मागे सोडला नाही. कावळे त्यांच्यामागून थोडे अंतर उडत गेले आणि माडावर परत आले.